सोजरचे कान

येळवशीच्या दिवशी दुपारी मी आणि माझी धाकटी बहीण सोजर, दोघं आमच्या रानात ज्वारीभोवती ओरडत फिरलो. मनात काही न ठेवता आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. पुढं जन्मभर पुष्कळ कामं मिळून केली, पण माझ्या मनात कायम एक खडा होता. तो खडा कसा आला नि कसा गेला, तेवढंच या प्रकरणात लिहितो.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या धाराशिवकडं दिवाळी एक वेळ चुकली तर चालंल, येळवस चुकत नाही. थंडीचे दिवस, ज्वारी माणसाच्या डोक्याबरोबर आलेली. त्या दिवशी गाव ओस पडतं, कुत्रीसुद्धा रानात असतात. रानात कडब्याच्या पेंढ्या तिरप्या उभ्या करून कोप करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडायचे, लक्ष्मी मांडायची, नैवेद्य दाखवायचा नि मग येईल त्याला जेवू घालायचं. आई दोन दिवस आधीपासून चुलीपुढून हलायची नाही. वाल, तूर, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, चिंच, जे जे शिवारात आहे ते एका पातेल्यात घालून ती भज्जी करायची. पहाटं तिच्या बांगड्या नि रवी यांचा आवाज बरोबर यायचा, कारण ताक घुसळून त्यात ज्वारीचं पीठ शिजवून आंबील करायची. ती आंबील मडक्यात भरून डोक्यावर रानात न्यायची. सोजर मागून चालायची नि आईला विचारायची, "आये, आता वाईच चाखू का?" आई म्हणायची, "लक्ष्मी जेवल्याबिगर जिभंला लावायचं न्हाय." हे वाटंवर दहादा. सोजरची जीभ तोंडात राहायचीच नाही, खायलाही नि बोलायलाही. सात वर्षांची होती, पण बोलताना सासू वाटायची.

जेवणाआधी घरातल्या गड्यानं आंबील शिंपडत पिकाला फेरी घालायची नि "ओलगे, ओलगे, सालम पोलगे" असं ओरडायचं. ह्याचा अर्थ मी बापाला विचारला होता. तो म्हणाला, कानडी असंल, तुला काय करायचंय, तू ओरड. त्या वर्षी बापाच्या टाचंत काटा मोडला होता, म्हणून फेरीचा मान मला मिळाला. मी बारा वर्षांचा. चौथी पास झालो होतो, डोक्याला पहिल्यांदाच पटका बांधला होता. मला वाटत होतं, सगळं शिवार माझ्याकडं बघतंय. सोजर मागं आंबिलाचा तांब्या घेऊन. मी ओरडलो, "ओलगे, ओलगे!" तर ही मागून, "दादाला गोळगे!" शेजारच्या रानातली माणसं हसली. मी पुन्हा ओरडलो, तिनं पुन्हा तेच. मलाही हसू येत होतं, खोटं कशाला बोलू. मग आम्ही ज्वारीच्या पलीकडच्या अंगाला आलो, जिथून कोप दिसत नाही, नि तिथं ढेकळात पाय अडकून ती पडली. सगळी आंबील मातीत. अर्धी फेरी राहिली होती. आता बाप काय म्हणंल, ह्या भीतीनं माझं डोकं फिरलं. ती उठून उभी राहिली तोच मी तिच्या कानाखाली वाजवली. डाव्या हातात आंबील शिंपडायची डहाळी होती, उजव्यानं मारली. ती रडली नाही. तिनं रिकामा तांब्या उचलला, मी उरलेली फेरी कोरडीच घातली, नि कोपीत येऊन आम्ही जेवलो. कुणाला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "सोजरे, ऊठ, शेण गोळा करायचं." सोजर उठली, चुलीपुढं बसली. आईनं पुन्हा काही सांगितलं. सोजर जाळाकडं बघत बसली. आईला वाटलं, कालचा आळस. मग आईनं तिला गदागदा हलवलं, तेव्हा सोजर म्हणाली, "आये, तू मोठ्यानं का बोलत न्हायस?" आणि हे तिनं एवढ्या मोठ्यानं म्हटलं की गोठ्यातून बाप आत आला. आईनं पितळंचं ताट घेतलं, सोजरच्या पाठीमागं उभी राहिली नि पळीनं बडवलं. दारातली कोंबडी उडून बाहेर गेली. सोजरनं मान वळवली नाही. आई ताट बडवतच राहिली. बापानं तिच्या हातातून पळी काढून घेतली.

"काल पडली का कुटं?" बापानं मला विचारलं. मी म्हणालो, "ढेकळात पडली वाईच." "डोक्याला लागलं का?" मी म्हणालो, "न्हाय, म्या न्हाय बघितलं." सोजर माझ्याकडं टक लावून बघत होती. बोलता तर तिला येत होतं, तिनं सांगितलं असतं तर बापानं मला दाव्यानं बांधून फोडला असता. पण ती काही बोलली नाही. ना त्या दिवशी, ना नंतर कधी. मला वाटलं, माझी बहीण मला वाचवतीय. हे ओझं थपडीपेक्षा जड होतं.

मग काय काय केलं ते सगळं लिहीत नाही. लसणाचं तेल झालं, ओव्याची धुरी झाली. तालुक्याच्या डॉक्टरानं कानात बॅटरी मारून बघितली नि म्हणाला, कान तर स्वच्छ आहेत, आता काय करू. आईनं देवदेव केले. दोन-तीन वेळा सोजरला थोडं ऐकू आलं, एकदा तर आठवडाभर बैलाच्या गळ्यातली घुंगरं ऐकू येतात म्हणून नाचत होती. मग थंडी-ताप आला नि ते पण गेलं. पुढच्या साली बाप मला म्हणाला, बेंबळीच्या शाळंत नाव घालतो. मी म्हणालो, मला शिकायचं नाही. मास्तर घरी येऊन गेले. "पोरगं हुशार हाय, का वाया घालवता?" बाप म्हणाला, "त्याचंच डोकं दगड हाय, मी काय करू?" माझं डोकं दगड नव्हतं. सोजरला मागून येणारा बैल ऐकू यायचा नाही, विहिरीवर कुणी हाक मारली तर कळायचं नाही, म्हणून तिच्या मागं कुणीतरी पाहिजे होतं. ते कुणीतरी मी झालो. आम्ही दोघांनी मिळून हातांची भाषा केली. मिशी पिळली की बाप, कपाळावर बोट टेकलं की आई, नाक दाबलं की गावातला सावकार, कारण त्याच्या अंगाला वास यायचा. आजही गावातली सगळी घरं आम्ही दोघं हातांनी सांगू शकतो, नि त्यातली अर्धी माणसं मेलेली आहेत.

पुढं सोजरचं लग्न वाशीत झालं. नवऱ्याचं बाजारात दाव्या-कासऱ्यांचं, म्हणजे जनावरांच्या दोरांचं दुकान, माणूस मोठा चांगला, तिच्याशी तोंड वर करून सावकाश बोलायचा म्हणजे ओठ दिसतील. आता तोही नाही. दरसाल आंब्याची पहिली पाटी मी वाशीला न्यायची, पंचमीला दोन लुगडी न्यायची. ह्यावरून आमच्या घरात दरसाल भांडण. माझी बायको गोदा म्हणायची, "बायकूला एक लुगडं, भनीला दोन. वन्संनी तुमच्यावर काय जादू केलीया?" मी म्हणायचो, "तिला ऐकाय येत न्हाय." गोदा म्हणायची, "मंग लुगडं काय कानाला गुंडाळायचं हाय?" गोदाचं बोलणं असं होतं. गेल्या वर्षी ती गेली. शेवटच्या दुखण्यात तिनं एकदा विचारलं, "वन्संचं तुमच्या जिवाला काय लागलंय, ते मला तरी सांगा." मी म्हणालो, सांगतो, तू आधी बरी हो. एवढा मूर्ख माणूस मी. तिच्या जागी आता गाठोडं ठेवलंय, रिकामी बाज बघवत नाही म्हणून.

गोदा गेल्यावर चार महिन्यांनी आमची नात ईश्वरी सायकलवरून पडली. नऊ वर्षांची, माझ्या लेकाची लेक. वेशीजवळच्या उतारावर पडली, कपाळाला टेंगूळ आलं, बाकी काही नाही. सून म्हणाली, मामंजी, हळद लावा. मी हळद लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वरी अंथरुणात बसून म्हणाली, "आई, टीव्हीचा आवाज का बंद केला?" टीव्ही चालू होता. मोठ्यानं चालू होता.

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या खाली पडला. लेकाला वाटलं, म्हातारा नातीसाठी घाबरला. खरंच घाबरलो होतो. पण मला चुलीपुढं बसलेली सोजर दिसत होती, आणि एक गोष्ट डोक्यात गरगरत होती: हिला तर कुणी मारलं नाही.

सून चार बुकं शिकलेली. तिनं लसणाच्या तेलाचं नावही काढू दिलं नाही. "अचानक ऐकू यायचं बंद झालं तर थांबायचं नसतं, मामंजी," म्हणाली, नि त्याच दिवशी धाराशिवला नेलं. तिथून सोलापूरला पाठवलं. पोरीला गोळ्या सुरू केल्या, कानांची तपासणी झाली, मग त्या पांढऱ्या भुयारात घालून डोक्याचा फोटो काढला. रिपोर्टाच्या दिवशी मीही गेलो. सून म्हणाली, तुम्ही कशाला दगदग करता. मी म्हणालो, येणार.

डॉक्टरीणबाई लहान होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी काचंवर फोटो दाखवला. "आतल्या कानात पाण्याची एक अगदी बारीक वाट असते. हिची ती वाट जन्मापासूनच रुंद आहे, दोन्ही बाजूला. अशा मुलांचं ऐकणं डोक्याला साधा दणका बसला, कधी नुसता ताप आला, तरी एकदम खाली जातं. कधी थोडं परत येतं, कधी नाही येत."

मी म्हणालो, "म्हंजी पाटाचा दांड रुंद झाला की पानी वाफ्यात भसकन घुसतं, तसं?"

"साधारण तसं म्हणा. नेमकं काय होतं ते आम्हालाही अजून पुरतं माहीत नाही. पण बाहेरून कान बघून हे कळत नाही, फोटोतच कळतं." मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला लहानपणी असं झालंय? तुमच्यात नात्यात लग्नं होतात का?"

"सगळी नात्यातच," लेक म्हणाला. "आन आत्या हायेत, वाशीच्या. त्येंला लहानपणी ताप आला हुता."

"ताप न्हवता," मी म्हणालो. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. "ताप नंतरचा. म्या तिच्या कानाखाली वाजवली हुती. दुसऱ्या दिवशी तिचं ऐकनं गेलं. म्या घालवलं."

लेकानं मान खाली घातली. सुनेनं पदर तोंडाला लावला. साठ वर्षांत ही वाक्यं मी मोठ्यानं पहिल्यांदा बोललो होतो, आणि ती बाई कागदावर लिहून घेत होती, जणू मी दुधाचा हिशेब सांगतोय.

"एकाच कानाचं गेलं की दोन्ही?"

"दोनी."

"थप्पड एकाच बाजूला होती ना?"

मी हो म्हणालो. हे माझ्या डोक्यात साठ वर्षांत आलं नव्हतं. एका बाजूला मारलं तर दुसरा कान का गेला, एवढा साधा प्रश्न.

"मधे कधी परत ऐकू यायचं?"

"दोन-तीनदा. मंग ताप आला नि गेलं."

त्यांनी पेन खाली ठेवला. "आजोबा, त्यांचा फोटो काढल्याशिवाय मी शंभर टक्के सांगणार नाही. पण तुम्ही जे सांगताय ते सगळं ईश्वरीसारखंच आहे. धडधाकट कान असलेल्या मुलाचे दोन्ही कान एका थपडीनं असे जात नाहीत. त्यांचा कान मुळात असाच असणार. त्या दिवशी तुम्ही नसतं मारलं तर दुसऱ्या दिवशी कुठंतरी पडल्या असत्या."

"त्या दिवशी पडली बी हुती. माझ्या मारायच्या आधी. आंबील घेऊन."

"मग बघा." त्यांनी कागद बाजूला सारला. "मारायला नको होतं, ते वेगळं. पण कान तुम्ही घडवला नव्हता."

हे बोलणं मला फार बरं वाटलं, कारण बाईनं खोटी समजूत काढली नाही. कुणी म्हटलं असतं, जाऊ द्या आजोबा, तुम्ही लहान होता, तर माझा विश्वास बसला नसता. पाय हलके झाले होते, जिन्यावरून खाली येताना कठड्याला हात लावला नाही. खालच्या नळावर तोंड धुतलं. सून हळूच म्हणाली, "सासूबाईंना म्हाईत होतं?" मी म्हणालो, "न्हाय." तिथं मात्र मला रडू आलं, सगळ्यांच्या देखत. नळ चालूच ठेवला.

ईश्वरीचं सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहील. उजव्या कानाचं थोडं परत आलं. दोन्ही कानांमागं यंत्रं बसवली आहेत, शाळेत जाते, पहिल्या बाकावर बसते. डोक्याला मार लागेल असे खेळ बंद, सायकल बंद, म्हणून रोज माझ्याशी भांडते. मी तिच्याशी बोलताना सवयीनं ओरडतो, तर कान झाकून म्हणते, "आजोबा, हळू, मी काय बहिरी हाय का?" अजून कमी व्हायची शक्यता आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. तेव्हा काय ते तेव्हा बघू. कानात शस्त्रक्रिया करून बसवायचं मोठं यंत्र पण असतं म्हणे. तिच्या आईला सगळं माहीत आहे नि तिनं पोरीपासून काही लपवलं नाही. ही एक गोष्ट आमच्या घरात साठ वर्षांनी सुधारली.

रिपोर्टाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीनं वाशीला गेलो. हातात काही नव्हतं, आंबे नाहीत, लुगडं नाही. सोजर ओसरीवर स्टोव्हवर चहा ठेवत होती. तिची सून दुकानात गेली होती. मला बघून सोजर तिच्या त्या मोठ्या सपाट आवाजात म्हणाली, "दादा? कोन मेलं?"

मी हातानं म्हणालो, कुणी नाही. बस. तिच्यापुढं बसलो नि सांगायला लागलो. रस्त्यात सगळं ठरवलं होतं, पण पाण्याच्या वाटंला आमच्या भाषेत खूण कुठली असणार? मी कानाकडं बोट केलं, आत, आणखी आत. मग जन्मापासून हे सांगायला पोटावरून हात फिरवला.

सोजरचा चेहरा उजळला. "तुजी सून? किती म्हैनं झालं?"

मी जोरात मान हलवली. पुन्हा पोट, पुन्हा कान.

"कानात गरभ?" ती म्हणाली, "दादा, तुला बरं हाय नव्हं?"

मी तिचा हात धरला. आपली आई, असं कपाळावर बोट लावून सांगितलं. आईचं पोट. पोटात तू. तिथंच तुझा कान असा. ईश्वरीचा कान पण असाच. डॉक्टरनं फोटो काढला. हे तिला कळलं. मग मी उजवा हात उचलला, माझ्या स्वतःच्याच कानाखाली मारून दाखवली, तिच्याकडं बोट केलं, येळवस, ज्वारीमागं, मी. नि दोन्ही हात जोडले.

"कवा?" सोजर म्हणाली.

मी पुन्हा करून दाखवलं.

"तू मला मारलीस? येळवशीला?" ती आठवायला लागली. खरंच आठवायला लागली, डोळे बारीक करून. "मारली आसशील. तू काय कमी मारायचास? मला न्हाय ध्यानात."

खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा मला राग आला. साठ वर्षं ज्याच्यासाठी मी झोपलो नाही, शाळा सोडली, बायकोच्या शिव्या खाल्ल्या, ते हिच्या ध्यानातसुद्धा नाही! मी विचारलं, मग तू त्या दिवशी बापाला का सांगितलं नाहीस? माझ्याकडं टक लावून का बघत होतीस?

सोजरनं स्टोव्ह बारीक केला. पदर डोक्यावर घेतला. एवढी म्हातारी बाई, पण तोंड सात वर्षांच्या पोरीसारखं झालं.

"म्या भीत हुते. तू सांगशील म्हनून. तू बघितलं आसशील आसं वाटलं मला."

मी हातानं विचारलं, काय बघितलं?

"कोपीत कुनी न्हवतं. लक्ष्मीपुढचा निवद म्या खाल्ला. सगळ्यांच्या आधी. आये म्हनली हुती, हात लावू नगंस. म्या ऐकलं न्हाय." तिनं कानाला हात लावला. "मंग लक्ष्मी म्हनली, ऐकत न्हायस ना? मंग ऐकूच नगंस."

मला हसावं की रडावं ते कळेना. आम्ही दोघं जन्मभर एकमेकांकडं चोरासारखे बघत आलो, नि चोरी दोघांचीही निराळी. सोजरनं माझा हात धरला नि एकेक शब्द सावकाश विचारला, जसं लहान मूल हिशेब पडताळून बघतं.

"म्हंजी लक्ष्मीनं न्हाय केलं?"

मी मान हलवली. नाही.

"तू बी न्हाय?"

नाही.

"मंग कुनी केलं?"

मी दोन्ही तळहात उघडे करून दाखवले. कुणीच नाही.

तिनं त्या उघड्या तळहातांकडं बघितलं. मग तिनं पदराच्या टोकानं डोळे पुसले, कपबशी माझ्यापुढं सारली, नि गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "लई बरं झालं, दादा. च्या घे, निवतोय."